खाल्ल्या घरचे वासे

‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा’ असं आपण कृतघ्न माणसाला म्हणतो. बसलाय जेवायला, पण नजर वर. घरात लाकूड किती आणि त्याचं मोल काय, याच्यावर! हा वाक्प्रचार मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. पण मंडळी, मी स्वतः तो अक्षरशः अमलात आणलेला आहे. २००९ सालच्या उन्हाळ्यात हातात टेप आणि चौकटीची वही घेऊन मी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याचे वासे मोजले. माजघरावर एकवीस भरले. खाली पाटावर बसून सासूबाई गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी मोजू नकोस!’’ त्या हसत होत्या. वाडा पाडण्याच्या करारावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. त्यात माझीही सही होती.

माझं माहेर वाई तालुक्यातलं. घर शेतकऱ्याचं. दारात ओटा, मोठ्या दरवाजात माणसापुरती दिंडी, आत देवडी, मग चौक आणि चौकाच्या चारी अंगांना सोपे. म्हणून त्याला म्हणायचं चौसोपी वाडा. वाडा म्हटलं की शहरातल्या माणसाला सरदार आठवतो. आम्हाला आठवायचा बैल. कारण एका सोप्याला गोठा होता आणि रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटांच्या आवाजावर आम्ही झोपायचो. माजघरात भिंतीच्या पोटात बळद होतं. धान्य वरून ओतायचं आणि खालच्या भोकातून लागेल तसं काढायचं. जवळच कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, सहा चौकांचा, खाली थेट नदीत उतरणारा घाट. लहानपणी तो पाहताना मला दडपण आलं नाही. उलट वाटलं, हे तर आपलंच घर, फक्त सहा वेळा मांडलेलं!

पुढे १९७४ साली लग्न होऊन मी पुण्यात आले, तेव्हा हीच ओळख उपयोगी पडली. पेठेतला वाडा, तीन पिढ्यांचं कुटुंब, शिवाय नऊ बिऱ्हाडं भाडेकरूंची. पहिल्याच दिवशी मामंजींनी विचारलं, ‘‘तुमचं गावाकडचं घर किती खणांचं?’’ मी म्हटलं, ‘‘पुढून पाच.’’ ते म्हणाले, ‘‘मग बरोबर आहे. आमचं सात.’’ म्हणजे काय बरोबर आहे, ते काही तेव्हा मला कळलं नाही. पण ‘खण’ या एका शब्दात वाड्याचं सगळं शास्त्र आहे, हे मला त्यांनीच पुढे समजावून सांगितलं.

दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे खण. साधारण पाच-सहा फुटांची. वाड्याची लांबी-रुंदी फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. पाच खणी सोपा, तीन खणी माजघर. हे माप आलं लाकडाकडून. सागाची तुळई मधे आधार न देता किती लांब टाकता येईल, त्यावर खण ठरला. खणावर खोली ठरली, खोलीवर चौक ठरला. एकदा खण पक्का झाला की सुताराला कागदावरचा नकाशा लागत नसे. नकाशा त्याच्या बोटांवर असे.

आणि वाडा उभा असतो तो या लाकडावर, भिंतींवर नव्हे. आपण बाहेरून दोन-दोन फूट जाडीच्या भिंती बघतो आणि वाटतं, त्याच भार पेलतात. प्रत्यक्षात आधी काळ्या दगडाचं जोतं, जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यावर खांब. खांब थेट जमिनीत पुरायचा नाही, कारण ओल आणि वाळवी. खांबाच्या डोक्यावर आडवे हस्त, हस्तांवर तुळया, त्यावर कड्या आणि फळ्या, आणि सगळ्यात वर मातीचा भराव. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं आणि लाकडाचीच खुंटी ठोकायची. भिंती मागाहून, या सांगाड्याच्या मधे भरायच्या. कुठे विटांच्या, कुठे पांढऱ्या मातीच्या.

पांढऱ्या मातीवरून आठवलं. गावाकडे जमिनीचे दोन भाग मानतात. ‘काळी’ म्हणजे शेताची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची. हा भेद नुसता रंगाचा नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यात पीक उत्तम येतं, पण भिंत टिकत नाही. पांढरी तशी फुगत नाही, म्हणून घराला पांढरी. कोणत्या मातीत काय उभं करायचं, हे माहीत असलेल्या माणसांनी ही घरं बांधली. पुण्यातल्या वाड्यांचे गवंडी आणि सुतार याच परंपरेतले. घर शेतकऱ्याचंच, फक्त ते शहरात येऊन रेशमी कपडे ल्यायलं.

हे मी उगीच म्हणत नाही. शनिवारवाड्यात जाऊन बघा. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी त्याची पायाभरणी केली आणि दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. बाहेर तट, बुरूज आणि हत्तींना अडवण्यासाठी अणकुचीदार खिळे मारलेला दिल्ली दरवाजा. पण तो ओलांडून आत गेलं की पुन्हा तेच. चौक, चौकाभोवती सोपे, त्यामागे दालनं. शाळेच्या सहलीला मुलं हमखास हिरमुसायची. ‘‘बाई, आत तर काहीच नाही!’’ मी त्यांना म्हणायची, खाली बघा. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत लाकडी इमले गेले, पण जोती राहिली. जोत्यांवरून चालत गेलात की चौक कुठे होता, पायरी कुठे होती, सगळं पायांना कळतं. एकदा एका मुलीने तळखडा शोधून काढला आणि पुढचा अर्धा तास चाळीस मुलं खण मोजत होती. इतिहासाचा इतका चांगला तास मी पुन्हा घेतला नाही.

शहरात आल्यावर या घरात काही नवं आलं, ते मुख्यतः दोन गोष्टींत. एक नक्षी. विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि त्यांच्यावरची केळफुलाची घडण पाहिली की सुताराचा हात कळतो. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. दुसरी गोष्ट पाणी. खेड्यात विहीर किंवा नदी. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणलं आणि ते पेठांमधल्या हौदांत खेळवलं. नळातली हवा मोकळी व्हावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. ना पंप, ना वीज. पाणी निव्वळ उतारावर येत होतं.

आता लाकूड आणि माती म्हटलं की दोन शत्रू आले, आग आणि पाणी. आगीचं शनिवारवाड्यात पाहिलंच. १८७९ मध्ये बुधवार वाडा आगीत गेला, विश्रामबाग वाड्याचाही काही भाग जळाला. पाण्याची गोष्ट आमच्याच घरातली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा मुठेकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे विरघळले. हाच शब्द मामंजी वापरायचे, ‘विरघळले’. आमच्या वाड्याच्याही खालच्या मजल्याच्या मातीच्या भिंती बसल्या. पाणी ओसरल्यावर मामंजी गाळातून घरी आले, तेव्हा त्यांना घराच्या आरपार पलीकडची गल्ली दिसली. पण माडी जागेवर होती. खांब उभे होते आणि माडी त्यांच्यावर अधांतरी असल्यासारखी टेकलेली. देवघराशेजारच्या खांबावर पाणी जिथवर चढलं होतं, तिथे त्यांनी चाकूने खूण केली. ती माझ्या डोक्याच्याही वर होती. ‘‘भिंत पडली तर घर पडत नाही,’’ ते सांगायचे, ‘‘खांब कुजला तर पडतं.’’

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते थेट इंग्लंडमध्ये. २००६ साली मुलाकडे गेले होते. तो मला ससेक्समधल्या सिंगलटन गावी एक संग्रहालय दाखवायला घेऊन गेला. तिथे वस्तू कमी आणि घरंच जास्त! जुनी घरं सोडवून, आणून, पुन्हा उभी केलेली. त्यात ‘बेलीफ’ नावाचं एक शेतकऱ्याचं घर आहे, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. मी दारातच थबकले. ओक लाकडाचा सांगाडा, सांध्यांत लाकडाच्या खुंट्या आणि मधल्या जागेत कुडाला माती लिंपून केलेल्या भिंती. खिडक्यांना काच नाही, लाकडाचे उभे गज. मधल्या मोठ्या दालनात जमिनीवर चूल, धुराडं नाहीच. धूर छपरातून जाईल तसा जाईल. तिथल्या बाईंनी सांगितलं, ही घरं ‘बे’मध्ये मोजतात, दोन चौकटींमधली जागा म्हणजे एक ‘बे’. मी मुलाला म्हटलं, ‘‘अरे, हा तर खण!’’ सुतारांनी जोडायच्या लाकडांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरलेल्या असत, म्हणजे कुठलं टोक कुठे बसवायचं ते चुकायला नको.

हे घर मुळात केंट परगण्यातलं. त्या खोऱ्यात पाण्याचा मोठा साठा करायचं ठरलं, घर बुडणार होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीला लोकांनी ते लाकूड-लाकूड मोकळं केलं, मोजमापं लिहिली आणि दुसरीकडे पुन्हा जोडलं. आमच्याकडे त्याच दशकात धरणाच्या पाण्याने वाडे नेले, तेही असेच सांगाड्याचे. फरक एवढाच की त्यांना आधी कळलं होतं. आणि असं काही आपल्याकडे झालंच नाही, असंही समजू नका. दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या राजा केळकर संग्रहालयात पुन्हा उभे केले. एका कवीने एकट्याच्या जिद्दीवर केलेलं हे काम आहे.

मग आपले वाडे का गेले? नुसतं ‘बिल्डरने नेले’ म्हणून भागत नाही. आमचंच उदाहरण सांगते. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाडी जवळपास गोठली. भाडेकरूंच्या डोक्यावरचं छप्पर त्या कायद्याने वाचवलं, हे खरंच आहे. नाहीतर आमच्याकडच्या नऊ बिऱ्हाडांपैकी निम्मी कुठे गेली असती, कोण जाणे. पण नऊ बिऱ्हाडांचं मिळून येणारं भाडं एका वर्षी कौलं चाळायलाही पुरलं नाही. एक वासा बदलायचा तर सागाचा भाव ऐकून मामंजी गप्प बसत. त्यात वाटण्या. चार भाऊ, दोन नणंदा, त्यांची मुलं. ज्याचा कोणीच एकटा मालक नाही, त्याची डागडुजी कोण करणार? २००७च्या पावसाळ्यात मागच्या चौकातल्या एका खांबावर बोट दाबलं, तर ते आत गेलं. खांब कुजला होता.

म्हणून मी सही केली. पण सिंगलटनचं ते घर डोक्यातून जात नव्हतं. पुन्हा उभं करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. निदान लिहून तरी ठेवू, असं ठरवलं. पुतणी तेव्हा आर्किटेक्चर शिकत होती. तिला हाताशी घेतलं. अकरा दिवस आम्ही दोघी वाडा मोजत होतो. बहात्तर खांब. सात खणांची दर्शनी बाजू. दरवाजाचा अडसर आठ फुटी. दिवसा तो आख्खा भिंतीच्या पोटात सरकून बसायचा. कोनाडे एकशे चार, त्यातले एकतीस फक्त दिव्यांसाठी, वरची बाजू काजळीने काळी झालेले. आणि जिन्याखाली एक पेव, वर फरशी घालून बंद केलेलं. शहराच्या मध्यवस्तीत, जिथे शंभर वर्षांत शेत कोणी पाहिलेलं नाही, तिथे धान्य साठवायचं पेव! मला वाटलं, माझं म्हणणं सिद्ध झालं. मी आनंदाने सासूबाईंना सांगायला गेले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘सगळं मोजलंस. आडापासून चुलीपर्यंत किती पावलं, ते मोजलंस का?’’

मी नव्हतं मोजलं.

‘‘बेचाळीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भरलेली कळशी घेऊन. मी १९४३ साली या घरात आले. नळ आतपर्यंत आला एकोणसाठ साली. आणि संडास अजून चौकापलीकडे आहे. पावसात, रात्री, बाळंतपणात, कधीही. तुम्ही खुशाल वाचवा वाडा. मला ब्लॉकमध्ये जायचंय.’’

मंडळी, इतिहासाच्या शिक्षिकेला तिच्या स्वयंपाकघरात मिळालेला हा धडा आहे. मी वाड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मला दिसलं की तो सांगाडा जसा घर पेलतो, तसा माणसांना जागच्या जागी ठेवतोही. ओट्यापर्यंत कोणीही. देवडीपर्यंत कामाचा माणूस. ओसरीवर पाहुणे. माजघरात घरच्या बायका, जिथे दुपारीही दिवा लागायचा. आणि ओट्याचीही पायरी चढू न दिलेली माणसं. माझ्या माहेरी शेतात राबणाऱ्यांना पाणी वरून ओतलं जायचं, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे सांगताना आज लाज वाटते.

म्हणून पुण्यातलं एक लहानसं, कौलारू घर मला आता शनिवारवाड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात याची नोंद कोणी करणार नाही, कारण एक वीटही हलली नाही. हौद तिथेच, अंगण तेच. पण उंबऱ्याचा अर्थ बदलला. घराचा इतका मोठा फेरफार पुण्यात दुसऱ्या कोणी केलेला मला ठाऊक नाही.

आम्ही वहीत नवी पानं जोडली. आडापासून चुलीपर्यंत बेचाळीस पावलं. माजघरातून रस्ता दिसतो का? नाही. माडीवरच्या गजातून दिसतो का? दिसतो, पण तिथे बायकांनी कधी बसायचं, तर घरात पुरुष नसताना. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी किती? एक, वीतभर. सासूबाई सांगत गेल्या, पुतणी लिहीत गेली. भाडेकरूंपैकी एक आजी येऊन बसल्या. त्यांनी त्यांच्या दीड खणात सहा माणसं कशी झोपायची, ते काढून दाखवलं. आधीच्या अकरा दिवसांत जमलेल्या मापांपेक्षा ही मापं मला जास्त मोलाची वाटतात. पण खरं सांगायचं तर आधीचं मोजमाप नसतं, तर हे प्रश्न सुचलेच नसते.

जूनमध्ये वाडा उतरवला. ‘उतरवला’ हाच शब्द योग्य, कारण लाकूड महाग. ते फोडून चालत नाही. आधी कौलं, मग वासे, मग तुळया, शेवटी खांब. जसा चढवला असेल, त्याच्या बरोबर उलट. काम करणारे सुतार खुंट्यांवर हलकेच ठोके देत, आणि दोनशे वर्षं घट्ट बसलेला सांधा सुटा होई. त्यातले एक वयस्कर सुतार मला म्हणाले, ‘‘बाई, हे परत जोडता येईल बरं का, एक चूक निघणार नाही.’’ दर्शनी दरवाजा नव्या इमारतीला बसवायचा, असं बोलणं झालं होतं. तो बसला नाही. कुठे गेला तेही कळलं नाही. बोलणं कागदावर घ्यायला आम्हीच विसरलो. पुराची खूण असलेला खांब मात्र मी आधीच मागून घेतला होता. त्याचा तेवढा तुकडा आणि एक तळखडा आज माझ्या गॅलरीत आहेत. तळखड्यावर तुळशीची कुंडी आहे.

सासूबाई ब्लॉकमध्ये सात वर्षं राहिल्या. स्वयंपाकघरातून नळ, नळाजवळ ओटा. त्यांनी एकदा मोजून सांगितलं, ‘‘तीन पावलं.’’ आणि मग थोड्या वेळाने, ‘‘पण कोणी येता-जाता दिसत नाही गं इथे.’’ दोन्ही खरं होतं. चौक गेला आणि कळशीही गेली.

पेठांमधून चालताना आजही तुरळक वाडे दिसतात. कुठे टेकू लावलेले, कुठे दारावर नोटीस. सगळे वाचणार नाहीत, आणि सगळे वाचवावेत असा हट्ट त्यात न राहणाऱ्याने धरू नये. पण ज्यांचं घर अजून उभं आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. सही करण्याआधी आठवडाभर काढा. खण मोजा, खांब मोजा, वासे मोजा. त्यात कृतघ्नपणा काही नाही. आणि घरात जी कोणी सगळ्यात म्हातारी बाई असेल, तिला शेजारी बसवा आणि तिची पावलं विचारा. ती मापं कोणत्याच नकाशात सापडत नाहीत.